कॅझ व्रोबेलचा चिमटा

आमच्या पोर्ट मॅरियनचा फुटबॉल संघ वाईट आहे असं कुणी म्हणालं की मला राग येतो. वाईट व्हायलासुद्धा काही किमान लायकी लागते, आणि आमचे डॉकर्स गेली एकतीस वर्षं त्या लायकीच्या शोधात आहेत. एरी सरोवराच्या काठावर, जिथे वारा कॅनडातून निघतो तो थेट माणसाच्या तोंडावर थुंकायला, तिथे साठ हजार माणसं रविवारी लोकरी टोप्या घालून बसतात, सॉसेज खातात आणि डोळ्यांदेखत आपली बेअब्रू करून घेतात. मी बावीस वर्षं त्यांच्यातच बसतो. तेव्हा ही निंदा घरच्या माणसाची आहे.

त्या मैदानावर एक माणूस असा होता, ज्याला तोंडातून शिवी काढायला बंदी होती. तो माझा शेजारी, कॅझ व्रोबेल.

कॅझ साखळी धरणाऱ्या टोळीत होता. आमच्या या अमेरिकी फुटबॉलात चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा असतो. नेला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. खेळाडू कोट्यवधींचे, पण हे दहा यार्ड मोजायला दोन काठ्या आणि त्यांच्यामधली एक साखळी. ती धरणारे गावातलेच नोकरदार लोक. नेमणूक आमच्या संघाची, पण हुकूम पंचांचा, म्हणून नियम कडक: टाळी नाही, शिवी नाही, चेहऱ्यावर सुतकही दिसता कामा नये.

त्यात कॅझकडे चिमटा होता. साखळी पसरली की ती वाटेत मैदानावरची एखादी पांढरी पट्टी ओलांडते. तिथल्या कडीला, पट्टीच्या मागच्या कडेशी, चिमटा लावायचा. पुढे मोजणीची वेळ आली की साखळी मैदानात न्यायची, चिमटा त्याच पट्टीच्या त्याच कडेवर टेकवायचा आणि साखळी ताणायची. पट्टी चार इंच रुंद. मागची कड आणि पुढची कड यांत चार बोटांचं अंतर. त्या चार बोटांचा कॅझ तीस वर्षं राखणदार होता.

पोटासाठी तो जिल्ह्याचा वजनमाप निरीक्षक. गावातले खाटक आणि पेट्रोलपंपवाले त्याला बघून रस्ता बदलत. त्याच्या घरी त्याची बायको लोरेटा पिरोगी, म्हणजे पोलिश उकडलेल्या करंज्या, मोजून वाढते असं लोक म्हणत, ते साफ खोटं आहे. मोजायचा कॅझ. लोरेटा बिचारी फक्त वाढायची.

रविवारी दाबून ठेवलेलं सगळं तो सोमवारी आमच्या दोघांमधल्या कुंपणावर ओतायचा. ते ऐकून आमच्या बागेतल्या खारी निघून गेल्या असा माझा अंदाज आहे.

तर त्या वर्षी आमच्याकडे नवा कोच आला. आमच्याकडे कोच दर तीन वर्षांनी येतो आणि येताना 'पुनर्बांधणी' हा शब्द घेऊन येतो. बांधलेलं काय होतं, हे त्याला कुणी विचारत नाही. या कोचचं नाव लायल स्ट्रिकर. दक्षिणेकडचा माणूस. दात इतके पांढरे की बोलायला लागला की समोरचा डोळे बारीक करायचा. त्याने येताच लॉकरवरची खेळाडूंची नावं काढून टाकली ("नाव कमवावं लागतं"), टेबलटेनिसचं टेबल बाहेर फेकलं आणि घोषणा दिली, "रोज एक वीट". प्रत्येक खेळाडूने सरावाला येताना हातात एक वीट आणायची. चौथ्या दिवशी आमच्या सगळ्यात महागड्या, दीडशे किलोच्या गड्याने ती स्वतःच्याच अंगठ्यावर पाडली आणि तो अख्ख्या मोसमाला मुकला. मग विटा स्पंजच्या आल्या. लाल रंगवलेल्या. झाडूवाल्यांपासून साखळीवाल्यांपर्यंत सगळ्यांना एकेक वाटली, कोचच्या सहीसकट.

कॅझने ती कचेरीत नेऊन काट्यावर ठेवली.

"चार औंस," तो कुंपणावरून म्हणाला. "खरी वीट साडेचार पौंडांची असते. एखाद्या दुकानदाराने असं केलं असतं तर मी दुकानाला टाळं ठोकलं असतं."

"मग कोचला ठोक की."

"विटेवर वजन छापलेलं नाहीये. तेवढा हुशार आहे तो."

मोसम सुरू झाला. पहिला सामना आम्ही बेचाळीस-तीन असा हरलो. स्ट्रिकर वार्ताहरांना म्हणाला, "आज आम्ही पाया खणला." दुसरा हरल्यावर म्हणाला, पाया आणखी खोल गेला. सहाव्या पराभवानंतर कॅझ म्हणाला, "एवढं खणलंय की आता पाणी लागायला हवं." बाराव्यात आम्ही चुकून जिंकलो, कारण समोरच्यांचा लाथ मारणारा गडी बर्फावर घसरून पाठीवर पडला. स्ट्रिकरने त्याला 'भिंत उभी राहिली' असं म्हटलं. घसरलेल्या माणसाच्या पाठीवर भिंत बांधणारा हा पहिलाच गवंडी असावा.

आता या देशातल्या फुटबॉलचा न्याय असा आहे की जो संघ सगळ्यात नालायक ठरतो, त्याला पुढच्या वर्षी कॉलेजातून येणाऱ्या पोरांतून पहिली निवड मिळते. वर्गात नापास होणाऱ्याला बक्षीस देण्याची ही पद्धत ज्याने काढली, तो आमच्याच गावचा असणार. आणि त्या वर्षी कॉलेजात केलन बार्टेल नावाचा एक पोरगा होता. नेब्रास्काचा, शेतकऱ्याचा. तो साठ यार्डांवरून चेंडू असा फेकायचा की झेलणाऱ्याने नुसते हात पुढे करावेत. आमच्या संघाला धड चेंडू फेकणारा गडी कॅझच्या बापाच्या तरुणपणी एकदा मिळाला होता, त्यानंतर नाही. बाप त्याच्यासारख्या दुसऱ्याची वाट बघत गेला.

शेवटच्या रविवारी गणित साधं होतं. हरलो तर पहिली निवड आमची, पोरगा आमचा. जिंकलो तर निवड शेजारच्या राज्यातल्या संघाला. गावाने हरण्याचा सामुदायिक नवस बोलला. न्हाव्याच्या दुकानात केलनचा फोटो लागला. आमच्या चर्चमध्ये काही मंडळींनी मेणबत्त्या लावल्या, आणि कशासाठी ते फादरनी विचारलं नाही. बहुधा त्यांनीही एक लावली असावी.

त्या सकाळी मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये नेहमीप्रमाणे लोरेटाचा भाऊ रिची डुडा याने गाडीच्या मागे शेगडी पेटवली होती. रिची म्हणजे डॉकर्सचा भक्त. छातीवर संघाच्या खुणेचा जहाजी नांगर गोंदवलेला, आणि तो दाखवायला उणे आठमध्येही कोटाची बटणं उघडी. कॅझ आत जाण्याआधी कॉफी घ्यायला थांबला.

"कॅझ, एक विचारू? रागावू नकोस."

"रागावणार. विचार."

"समजा आज मोजायची वेळ आली. थंडी केवढी आहे. समजा तुझा हात जरा सरकला."

"कुठे?"

"पुढे. चार बोटं. काठी पुढे गेली की चेंडू मागे राहिला." रिचीने चिमट्यात सॉसेज धरून तेवढं अंतर दाखवलंही. "कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या?"

"तुझा बाप असता तर त्याने मागचे दोन सामने आधीच सरकवले असते. आयुष्यभर वाट बघितली बिचाऱ्याने."

"वाट बघितली," कॅझ म्हणाला. "कुणाकडे मागितलं नाही."

"रिची, ते जळतंय," लोरेटा म्हणाली.

"जळू दे. गाव जळतंय तर सॉसेजचं काय घेऊन बसलीस."

कॅझने अर्धी कॉफी बर्फात ओतली आणि गेला. लोरेटा माझ्या शेजारी उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होती.

"रिचीला सांगू नकोस," ती हळूच म्हणाली, "पण कॅझला तो पोरगा रिचीपेक्षा जास्त हवाय. त्याचा एकही सामना सोडलेला नाही यंदा. काल टीव्हीपुढे बसून म्हणाला, असा एक गडी आपल्या मैदानावर बघितला की मी डोळे मिटायला मोकळा. मला आज त्याच्या हाताची भीती वाटतेय."

सामना जसा असायचा तसा होता, म्हणजे दोन आंधळ्यांनी एकमेकांचा खिसा कापावा तसा. पाहुणा संघही आमच्याच लायकीचा. आणि या गोंधळात कुणाचंही लक्ष नसताना आम्ही दोन गुणांनी पुढे गेलो. दोन मिनिटं उरली होती, चेंडू आमच्याकडे, तीन प्रयत्न संपलेले आणि यार्डभरही अंतर उरलेलं नाही. ते पार केलं तर वेळ काढून सामना आमचा. नाही केलं तर चेंडू त्यांना, आणि एवढ्या जवळून त्यांनी लाथेने तीन गुण घेतले असते. शहाणा कोच अशा वेळी चेंडू लांब उडवून देतो. पण शहाणा कोच पोर्ट मॅरियनला येतोच कशाला. स्ट्रिकरने मूठ वर केली आणि चौथा प्रयत्न खेळायला सांगितला.

खेळाडूंचा ढीग पडला. ढीग उठला. चेंडू काठीच्या आसपास कुठेतरी होता, नक्की कुठे ते देवाला ठाऊक. पंचांनी मोजणी मागितली.

साठ हजार माणसं गप्प झाली. गेल्या कित्येक वर्षांत त्या मैदानावर एवढी श्रद्धा मी पाहिली नव्हती, आणि ती सगळी आमच्याच संघाच्या विरुद्ध होती.

कॅझ साखळी घेऊन मैदानात गेला. एका कामगाराने पट्टीवरचा बर्फ झाडला. कॅझने गुडघे टेकले. मोठे पंच तीस वर्षांच्या विश्वासाने त्याच्याकडे पाठ करून चेंडूकडे बघत होते. मी दुर्बीण लावली. तो खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. एरवी त्याला हे काम करायला दोन श्वास लागायचे. मी चार मोजले, मग पाच. शेजारी लोरेटाने माझी बाही धरली होती. मग त्याचा हात वर आला, साखळी ताणली गेली आणि काठी रोवली गेली. चेंडूचं टोक तिच्या पुढे होतं. एका कडीएवढं.

आम्ही जिंकलो. साठ हजार माणसांनी आपल्याच संघाच्या विजयावर असा आक्रोश केला की सरोवरावरचे पक्षी उठले. रिचीने टोपी काढून बर्फात फेकली आणि तिच्यावर उभा राहिला.

खरी घाण पुढे झाली. सामना संपताच स्ट्रिकर दोन्ही हात पसरून धावत आला तो खेळाडूंकडे नाही, कॅझकडे. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर त्याने त्याला मिठी मारली. "तू विश्वास ठेवलास, पठ्ठ्या," तो म्हणाला. "आज ही वीट तुझ्या हातांनी बसवली." कॅझ काठीसारखा ताठ उभा होता, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हा नियम तो अजून पाळत होता. नंतर वार्ताहरांपुढे स्ट्रिकर डोळा मारून म्हणाला, "आमची संस्कृती साखळीवाल्यांपर्यंत झिरपली आहे, एवढंच सांगतो."

झालं. सोमवारी गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे, व्रोबेलने कोचसाठी लबाडी केली. दुसरा म्हणे, व्रोबेल इतका मठ्ठ की गावासाठी लबाडी करता आली नाही. त्याने फक्त मोजलं असेल, हे दोन्ही पक्षांत कुणाच्या डोक्यातही आलं नाही. साठ हजार डोकी, आणि आत स्पंज. त्याच्या गाडीवर कुणीतरी अंडी फोडली आणि ती तिथेच गोठली. रिचीने नाताळला यायचं टाळलं. संघाकडून मात्र पत्र आलं, की 'वर्षाचा गवंडी' म्हणून कॅझचा जाहीर सत्कार होईल.

जानेवारीत एका दुपारी तो माझ्या दारात आला. "मला वॉल्टकडे सोडशील? काचेवरून ती अंडी निघत नाहीयेत."

वॉल्ट हेन्ली हा साखळी टोळीचा म्होरक्या, निवृत्त टपालवाला. स्वयंपाकघरात बसून कोडं सोडवत होता. कॅझने खिशातून चिमटा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"सत्कार नको तर नको घेऊस," वॉल्ट म्हणाला. "हा कशाला परत करतोस? पंचांनी चित्रफीत तपासलीय. कडीचाही फरक नाही. कोच गाढव आहे, गाव गाढव आहे, त्यात तुझं काय?"

"त्यांच्यासाठी नाही आलो मी."

"मग?"

कॅझ उभाच होता. हातमोजे काढत म्हणाला, "तीस वर्षं वॉल्ट, गुडघे टेकले की मला एकच कड दिसायची. त्या दिवशी दोन दिसल्या."

"टेकवलास तर मागचीवरच ना?"

"हो. पण विचार करून. केलन बार्टेलचा विचार केला, बापाचा केला, रिचीचाही केला, थूः. आणि मग मागची निवडली." त्याने हातमोजे खिशात कोंबले. "निवडून टेकवायचं असतं तर तिथे कुणीही चालेल. मग मीच कशाला?"

वॉल्टने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर हसून पोट भरलेला माणूस. गाढवांच्या गावात एवढ्या बारीक जागी कुणाला लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या जागी कुणाला आणू?" वॉल्टने विचारलं.

"परगावचा कुणी बघ. ज्याला डॉकर्स कोण हेही ठाऊक नाही असा."

"असा माणूस सापडला तर त्याला इथे यायला कसा तयार करू?"

"तो तुझा प्रश्न."

वॉल्टने चिमटा उचलला, जरा वेळ तळव्यावर धरला आणि भांड्यांच्या खणात, चमच्यांशेजारी टाकून खण लावला. आम्ही निघालो असं मला वाटलं. कॅझ हलला नाही.

"पोच दे," तो म्हणाला.

वॉल्टने सुस्कारा सोडला, कोड्याच्या कागदाचा कोपरा फाडला आणि त्यावर लिहिलं: एक चिमटा, मिळाला. खाली सही केली. कॅझने चष्मा लावून ते दोनदा वाचलं, आणि तारीख राहिली म्हणून कागद परत त्याच्यापुढे सरकवला.