शेवटच्या पिंजऱ्यातलं गिऱ्हाईक

चाळीस वर्षांच्या धंद्यात सावकाशकाकांनी एकाच माणसाचं रक्त काढलं, आणि तेही नेमकं निवृत्त हेडमास्तरांचं. कानाच्या पाळीला जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी चीर पडली होती. तुरटी फिरवली, रक्त थांबलं. पण काकांनी समोरच्या आरशात आपला उजवा हात पाहिला. कात्री धरलेला हात थरथरत होता. त्या संध्याकाळी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि पुन्हा वर केलं नाही.

सावकाशकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. खुर्चीतला माणूस गाडी चुकेल म्हणून चुळबुळ करू लागला, तरी काका म्हणायचे, "सावकाश. चुकलेली गाडी उद्या पुन्हा येते, चुकीचे कापलेले केस परत चिकटवता येत नाहीत." अशा माणसाच्या हाताला कंप सुटल्यावर त्यानं घरी बसून करायचं तरी काय? काकांनी सहा महिने काहीच केलं नाही. शेवटी परदेशातल्या मुलीनं दोन तिकिटं पाठवली आणि बजावलं, "महिनाभर सुट्टीवर या. तेवढाच हवापालट."

हवा पालटली, माणूस तोच राहिला. मुलगी आणि जावई सकाळी कामावर गेले की काका खिडकीत उभे राहून शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे बघत राहायचे. काकूंचा जीव मेटाकुटीला आला. "अहो, ते कुंपण कोणी चोरून नेणार नाही," त्या म्हणायच्या, "जरा बसा तरी." काका बसायचे आणि बसल्या जागी आपला हात बघायचे.

मुलगी दर शनिवारी जवळच्या श्वाननिवाऱ्यात कामाला जायची. फुकट काम, हौसेचं. सोडून दिलेली, हरवलेली, मारहाण झालेली कुत्री तिथं आणतात, बरी करतात आणि चांगलं घर बघून देतात. पहिल्याच शनिवारी तिनं काकांना ओढून सोबत नेलं. तिथली मुख्य बाई ताडमाड उंच होती आणि तिच्या कपाळावरचे केस सारखे डोळ्यांत येत होते. काकांनी मनातल्या मनात तिचं नाव उंचबाई ठेवलं आणि तिचे केस कुठल्या अडाण्यानं कापलेत याचा विचार करत उभे राहिले. तिनं त्यांच्या हातात रबरी बूट दिले आणि बोटानं एका नळाकडे दाखवलं. नळाखाली साठ-सत्तर ताटल्या खरकट्या पडल्या होत्या.

काकांनी सगळ्या घासल्या. संध्याकाळी हे ऐकून काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "चाळीस वर्षांत घरातला एक कप कधी विसळला नाही, आणि इथं येऊन कुत्र्यांची भांडी?"

पण काका दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी एकटे, पायी गेले. कारण ताटल्या परत ठेवताना त्यांना शेवटचा पिंजरा दिसला होता.

निवाऱ्यात प्रत्येक पिंजऱ्यावर रंगीत पाटी असे. हिरवी म्हणजे कोणीही आत जावं, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे लांब राहावं. शेवटच्या पिंजऱ्यावर लाल पाटी होती आणि आत कोपऱ्यात एक गाठोडं पडलं होतं. बघता बघता त्या गाठोड्यातून दोन डोळे चमकले. केस वर्षानुवर्षं न विंचरता एकमेकांत गुंतून त्यांचा घोंगडीसारखा जाड नमदा झाला होता. पाय कुठे संपतात, पोट कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं.

मुलीनं उंचबाईला विचारून सगळी हकिगत सांगितली. एका ओसाड घराच्या मागं त्याला बांधून लोक निघून गेले होते. गळ्यातली दोरी कातडीत रुतली होती. डॉक्टरांनी गुंगी देऊन ती काढली, पण काढता काढता त्याचं हृदय बंद पडायला आलं होतं. आता पुन्हा गुंगी दिली तर उठेल याची खात्री नाही. आणि शुद्धीवर असताना हात लावू देत नाही, चावतं. नमद्याखाली कातडी ओढली जाऊन जखमा चिघळल्या होत्या.

"मग आता?" काकांनी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी डॉक्टर येतायत," मुलगी म्हणाली. "तोवर केस निघाले नाहीत तर धोका पत्करून गुंगी द्यावीच लागेल. नाहीतर जखमांनीच जाईल ते."

काकांनी बोटं मोजली. दहा दिवस होते. त्यांनी आयुष्यात कुत्रं पाळलं नव्हतं, कुत्र्यांची फारशी आवडही नव्हती. पण एवढे केस वाढवून कोपऱ्यात बसलेलं गिऱ्हाईक बघून त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिशात कात्री नव्हती. कात्री मुलीच्या घरी बॅगेत तळाशी होती, दुकानातल्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. सहा महिने तिला हात लावला नव्हता, तरी येताना घेऊन आले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

उंचबाई आधी नाही म्हणाली. मग पिंजऱ्याच्या बाहेर बसायला हरकत नाही म्हणाली. काकांना तेवढंच हवं होतं. रडणाऱ्या लहान पोरांचे केस कापायची त्यांची एक रीत होती. पोर खुर्चीत बसलं की ते त्याला हातच लावत नसत. बाजूला उभे राहून नुसत्या हवेत कात्री चालवत. कच कच कच कच. पोर आधी भोकाड पसरायचं, मग बघायचं, मग कंटाळायचं. कंटाळलेलं पोर भीत नाही, हा काकांचा चाळीस वर्षांचा अनुभव.

तर काका पिंजऱ्याबाहेर स्टूल टाकून, गिऱ्हाइकाकडे पाठ करून हवेत कात्री चालवू लागले. सोबत तोंड चालू. इकडचे रस्ते कसे गुळगुळीत आहेत, जावई कसा भात करपवतो, हेडमास्तरांच्या कानाची कशी वाट लागली, सगळं त्याला सांगून झालं. पहिल्या दिवशी ते गुरगुरलं. दुसऱ्या दिवशी गुरगुरायचं विसरलं. तिसऱ्या दिवशी उंचबाईच्या परवानगीनं काका आत जाऊन बसले, तेव्हा त्यानं जांभई दिली. काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाढवापुढं गीता वाचतात हे ऐकलं होतं. कुत्र्यापुढं कात्री आजच पाहिली."

पाचव्या दिवशी काकांनी शेपटीजवळचा पहिला गुंता कापला. हात थरथरत होता. तेव्हा त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं नमद्याखाली सरकवली आणि बोटांच्या वरून कात्री चालवली. ही शिकाऊ पोरांची पद्धत. काकांच्या वडिलांनी त्यांना तीच घालून दिली होती. कातडी आणि कात्री यांच्यामध्ये आपलं बोट ठेवायचं, रक्त आलंच तर आपलं यावं. पुढं हात बसल्यावर काकांनी ती सोडून दिली होती आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. आता अभिमान बाजूला ठेवून ते पुन्हा शिकाऊ झाले. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत निम्मी पाठ मोकळी झाली. खालची कातडी लाल होती, पण हवा लागताच गिऱ्हाइकानं सुस्कारा सोडला.

आणि इथंच घात झाला. आनंदाच्या भरात सावकाशकाकांना घाई झाली. त्यांनी पिशवीतून दुकानातलं पांढरं कापड काढलं, झटकन झटकलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टाकलं.

दोरी रुतलेला गळा तो. कुत्रं किंचाळून उसळलं, मनगटाला चावलं आणि भिंतीवर जाऊन आदळलं. मग कोपऱ्यात धापा टाकत पडलं, जीभ निळसर पडली होती. उंचबाई धावत आली. तिनं काकांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली. पाऊण तास ती त्या कुत्र्याजवळ बसून होती. काका नळापाशी मनगट धरून उभे होते. मनगटाचं त्यांना काही वाटत नव्हतं.

"बाबा, आता पुरे," संध्याकाळी मुलगी म्हणाली. "तुम्ही केलं तेवढं खूप झालं."

"गिऱ्हाइकाला न विचारता गळ्याला हात घातला मी," काका म्हणाले. "कोणाच्याही गळ्याला असा हात घालतो का कोणी? चाळीस वर्षं मी तेच करत आलोय. माणसं बोलत नाहीत म्हणून चाललं."

रात्रभर त्यांना झोप नव्हती. सकाळी ते निवाऱ्यात गेले ते सरळ शेवटच्या पिंजऱ्यासमोर, जाळीपासून चांगली दहा पावलं लांब. स्टूल ठेवलं. पांढरं कापड काढलं. हळूच उलगडलं आणि ते स्वतःच्या गळ्याभोवती बांधलं. मग छोटा आरसा मांडीवर ठेवून त्यांनी स्वतःचे केस कापायला घेतले.

स्वतःचे केस स्वतः कापणं म्हणजे काय दिव्य असतं, हे कोणत्याही कारागिराला विचारा. उजवी बाजू झाली ती डावीपेक्षा वर गेली, डावी सारखी करायला जावं तर मागची राहिली. निवाऱ्यातली माणसं कामं टाकून बघायला जमली. काकांनी तिकडं पाहिलंच नाही. ते आपले बोलत होते, "हे बघ, कापड. हे बघ, माझा गळा. काही होत नाही. तुझी माफी मागतोय, बघतोयस ना?" गिऱ्हाईक उठून जाळीपाशी आलं. उंचबाईनं कपाळावरचे केस बाजूला सारले, बराच वेळ दोघांकडं पाहिलं आणि कडी काढली.

त्यानंतर तीन दिवस काकांनी दुसरं काही केलं नाही. पोट, पाय, छाती, कान, एकेक करत नमदा उतरत गेला. कापड ते जमिनीवर पसरून ठेवायचे. गळ्याच्या जवळपासही फिरकले नाहीत. बुधवारी संध्याकाळी सगळं अंग मोकळं झालं आणि गळ्याभोवती तेवढी एक जाड पट्टी उरली. खाली जखम होती. डॉक्टरांना तीच बघायची होती.

गुरुवारी सकाळी काका आठला हजर झाले. डॉक्टर दहाला यायचे होते. काकांनी कापड आपल्या मांडीवर पसरलं आणि हात बाजूला ठेवून बसले. घड्याळाकडं बघणारे सगळेच होते, ते सोडून. साडेआठ झाले. नऊ झाले. मुलगी रजा टाकून आली होती, ती जाळीबाहेर नखं खात उभी होती. "बाबा, तुम्हीच घ्या ना त्याला जवळ."

"सावकाश," काका म्हणाले.

सव्वानऊला गिऱ्हाईक उठलं, दोन वेळा गोल फिरलं आणि आपणहून काकांच्या मांडीवरच्या कापडावर मान टेकवून पडलं.

काकांनी दोन बोटं पट्टीखाली सरकवली. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरत होता, लपवण्यासारखा नव्हता. त्यांनी लपवला नाही. कात्री चालली. केसामागून केस सुटत गेले. एकदा कात्री चुकली आणि पांढऱ्या कापडावर लाल थेंब पडला. मुलीनं डोळे मिटून घेतले. काकांनी बोट वर करून तिला दाखवलं. रक्त त्यांचं स्वतःचं होतं. गिऱ्हाइकाचा डोळाही उघडला नव्हता.

दहाला डॉक्टर आले तेव्हा मांडीवर सशाएवढं कुत्रं झोपलं होतं. पांढरं, एक कान तपकिरी. गुंगीची सुई पेटीतच राहिली. डॉक्टरांनी जखमा धुतल्या, मलम लावलं, छातीला नळी लावून हृदय ऐकलं आणि मान डोलावली. मुलीनं त्यांचं म्हणणं काकांना सांगितलं, "म्हणतायत की जगेल. चांगलं जगेल." काका एवढंच म्हणाले, "जगणारच. माझं गिऱ्हाईक आहे." आणि मग त्यांना रडू आलं, सगळ्यांसमोर, चांगलं घळाघळा. काढलेले केस कोणीतरी वजनकाट्यावर टाकले होते. कुत्र्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे भरले.

उंचबाई लाल पाटी काढून हिरवी लावत होती. लावून झाल्यावर तिनं एक रिकामं स्टूल ओढलं, काकांकडं पाठ करून बसली आणि कपाळावरच्या केसांकडं बोट दाखवलं. तिच्या मागं डॉक्टर उभे राहिले. त्यांच्या मागं आणखी चौघं. जेवायची वेळ टळून गेली तरी रांग संपेना. दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या काकू कोणाला उद्देशून कोण जाणे, पण म्हणाल्या, "घरी असताना यांना शटर जड होत होतं."

गिऱ्हाईक पुढं एका निवृत्त पोस्टमनच्या घरी गेलं. त्याचा फोटो मुलीनं पाठवला, तो काकांच्या दुकानात आरशाच्या वर लागला आहे. हो, दुकानातच. विमानातून उतरल्यावर तिसऱ्या दिवशी शटर वर गेलं. पहिले आले ते हेडमास्तर. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय रे, सोनारानं टोचायचे कान तू कापतोस, आणि वर परदेशी पळून जातोस?"

काकांनी कापड घेतलं, पण झटकलं नाही. समोर धरून विचारलं, "गळ्याला बांधू का, सर?"

"हे काय नवीन?"

"तिकडं एका गिऱ्हाइकानं शिकवलं."

हेडमास्तरांनी फोटोकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं आणि मान पुढं केली. काकांनी दोन बोटं कानामागं ठेवली आणि बोटांच्या वरून कात्री धरली. आरशात उजवा हात दिसत होता. थरथरत होता. हेडमास्तर मात्र केव्हाच घोरायला लागले होते, आणि बाहेर बाकावर तिघं बसले होते. तिघांपैकी एकालाही घाई नव्हती.