मशीन कशासाठी आहे

पुस्तिका हातात पडली की काका चित्रं, वॉरंटी, काही बघायचे नाहीत. पहिलं पान उघडायचे, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचे आणि विचारायचे, "मॅडम, हे मशीन कशाला हाय?"

मशीन भाजी कापायचं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. तरी दर वेळी तोच प्रश्न. महापेच्या त्या कारखान्यात मी मशीनसोबत द्यायच्या माहितीपुस्तिका लिहायचे आणि काका गिऱ्हाइकांकडे जाऊन बिघडलेली मशीनं दुरुस्त करायचे.

"भाजी कापायला," मी वैतागून म्हणायचे.

"तुमी म्हनता भाजी. पुस्तकात लिवलंय 'विविध खाद्यपदार्थ'. त्यात बोंबील बी आला, बर्फ बी आला."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. बरोबर बोलणारा, आणि म्हणूनच समोरून येताना दिसला की मोबाइलमध्ये डोकं घालावंसं वाटणारा.

काका मूळचे उरणकडचे. द्रोणागिरीची गोदामं उभी राहायच्या आधी त्यांच्या घरची तिथे भातशेती होती. दिवसभर नवी मुंबई पालथी घालून संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी येत आणि त्या दिवशीचा अहवाल तोंडी देत. कुणी आमच्या मशीनमध्ये म्हशीसाठी उसाचे वाढे कापले होते. एका गणपती मंडळाने मिरवणुकीत उधळायला रंगीत कागद.

"मी बोललो, अरे बाबा, हे भाजीचं मशीन. तर तो पुस्तक घेऊन आला. म्हने, कागद नको असं कुठं लिवलंय ते दाखवा. मी शोधलं मॅडम. नव्हतं लिवलेलं."

मी हसले. ते हसले नाहीत.

शेवटी त्यांच्या कटकटीला कंटाळून मी म्हटलं, बसा, लिहू या. दोन ओळी लिहायला आम्हाला आठवडा लागला. शब्दाशब्दाला ते अडायचे. 'भाज्या' लिहिलं तर म्हणाले, कच्च्या की उकडलेल्या? 'ताज्या' हा शब्द मला फालतू वाटत होता. "फ्रीजरमधल्या दगडासारख्या गाजराला बी लोक भाजीच म्हनतात," ते म्हणाले. मग लिहिलं: 'हे मशीन फक्त ताज्या, कच्च्या भाज्या कापण्यासाठी आहे. सुकं खोबरं, गोठवलेले पदार्थ, मासे, मांस किंवा बर्फ त्यात घालू नये.'

विक्री विभागाच्या साहेबांनी दोन्ही ओळींवर काट मारली. "मॅडम, आपण मशीन विकतोय की लोकांना घाबरवतोय? हॉटेलवाला विचारतो, यात काय काय होतं? त्याच्या हातात 'नको'ची यादी देऊ?"

दोन दिवस मी वाद घातला. तिसऱ्या दिवशी 'विविध खाद्यपदार्थ' टाइप करून पुस्तिका छपाईला पाठवली. काका पंधरा दिवस माझ्या टेबलाकडे फिरकलेच नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी जुईनगरहून तक्रार आली. तळमजल्यावरच्या खोलीत दोघी जावा डब्यांचा व्यवसाय करत होत्या. मसाल्यासाठी थोरलीने मशीनमध्ये सुकं खोबरं घातलं. वाटी अडकली, पात्याची चकती तडकली आणि तिचा तुकडा उजव्या हातात घुसला. दोन बोटांच्या शिरा तुटल्या.

अहवालासाठी फोटो काढायचे म्हणून मीही काकांबरोबर गेले. धाकटीने चहा आणला. थोरली बँडेजचा हात मांडीवर घेऊन बसली होती. "माझंच चुकलं हो काका," ती म्हणाली. "मला कळायला पाहिजे होतं."

काकांनी कप खाली ठेवला. "कसं कळनार? तुमाला कोनी सांगितलं होतं का?"

तिने पुस्तिका जपून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. डाव्या हाताने पान काढून तिने माझ्यासमोर धरलं. "मी वाचलं होतं. खोबरं पण खाद्यपदार्थच ना ताई?"

ते मी लिहिलंय, हे मला तिथे सांगता आलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. ते मान खाली घालून मशीनचे स्क्रू सोडवत राहिले.

अहवाल तयारच होता. कारणाच्या रकान्यात साहेबांनी छापून घेतलं होतं: 'ग्राहकाकडून चुकीचा वापर.' फक्त काकांची सही हवी होती.

"चुकीचा?" काका साहेबांच्या केबिनमध्ये म्हणाले. आवाज बाहेर आमच्यापर्यंत येत होता. "मग बरोबर कोनता, ते दाखवा ना पुस्तकात!"

"काका, उगाच टेन्शन वाढवू नका. सही करा."

त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली बॉलपेनने लिहिलं, 'मशीन कशाला हाय ते पुस्तकात नीट लिवलेलं नाय.' मग सही केली. मी माझी जुनी, काट मारलेली दोन ओळींची प्रत काढून अहवालाला जोडली. हे आधी करायला हवं होतं, हे टाचणी लावतानाही कळत होतं.

आमच्या मालकांनी अहवाल वाचला म्हणे. त्या बाईंना कंपनीतर्फे नवं कोरं मशीन गेलं. त्याच्या खोक्यात जुनीच पुस्तिका होती. आणि काकांची बदली झाली द्रोणागिरीच्या गोदामात, सुट्या भागांची खोकी लावायला. "घर जवळ पडेल तुम्हाला," साहेब म्हणाले. चार महिने काकांनी खोकी लावली आणि मग नोकरी सोडली. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. गोदामातला माणूस, कुणाच्या लक्षात येणार?

नवी पुस्तिका निघायला वर्ष गेलं. मी पुन्हा भांडले, या वेळी तिसऱ्या दिवशी थांबले नाही. त्या दोन्ही ओळींसह पहिलं पान छापून आलं, तेव्हा मी त्याचा फोटो काकांना पाठवला. वाटलं, खूश होतील. शाबासकी हवी होती मला, खरं सांगायचं तर.

तासाभराने त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"मॅडम, बेस झालंय. पन कैरी राहिली. कैरी ताजी असते, कच्ची असते, आनि आत कोय असते. आता लोनच्याचे दिवस हायत. कोयीसकट घालतील बघा."

मी डोकं धरून बसले. रागाने डोळ्यांत पाणी आलं. कोणावरच्या, ते मला आजही सांगता येणार नाही. पुस्तिका खोक्यांत भरून झाल्या होत्या. गाडी दुपारी निघायची होती.

मी पॅकिंगमध्ये गेले, पहिलं खोकं उघडायला लावलं आणि तिथल्या एका बाईकडून बॉलपेन मागून घेतलं.