प्लेटांचा पडदा

मी आयुष्यात एकदाच पडदा शिवला, आणि त्या खेपेला स्वतःलाही त्याच्यात शिवून घेतलं.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ह्यांना कराडला नोकरी लागली म्हणून आम्ही उंब्रज सोडून मलकापुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सासूबाईही सोबत आल्या. माझे थोरले दीर लष्करात सुभेदार. जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, त्यांच्याबरोबर छावणीत राहायच्या आणि तिथून पत्रं पाठवायच्या. एका पत्रात त्यांनी लिहिलं की, आमच्या क्वार्टरला प्लेटांचे, म्हणजे चुण्यांचे, पडदे लावलेत, फार शोभा येते. मी उलट टपाली कळवलं की, आम्हीही मागच्याच आठवड्यात प्लेटांचा पडदा शिवला. (आमच्या खिडकीला तेव्हा खताचं पोतं उसवून लावलेलं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यावरची अक्षरं सुलटी वाचता यायची!)

त्यावर दिरांचं पत्र आलं: रजा मिळाली, रविवारी दुपारी येतो. खाली अक्कांची ओळ होती, पडदा बघायची फार उत्सुकता आहे.

हाताशी तीन दिवस होते. माहेरहून आलेलं शिलाई मशीन घरात होतं, पण त्यावर मी आजवर उशीचा एकच अभ्रा शिवलेला. (तोही चारी बाजूंनी.) तरी मला धास्ती नव्हती. रोज साडीच्या निऱ्या घालणाऱ्या बाईला पडद्याच्या चुण्या काय जड जाणार? खिडकी चार हात रुंद, म्हणून मी मोजून चार हात कापड आणलं. निळं, त्यावर पिवळी फुलं. शुक्रवारी चुण्या घालून खिडकीला लावून पाहिलं, तर पडदा दोन हातांचाच भरला.

हे कामावरून आले, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि कापड धुतलं होतं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, चुण्यांनी खाल्लं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे. पावणं बसत्यात तेवढंच झाकू. उरल्याली खिडकी त्येस्नी कशाला दावायची?"

शेवटी शनिवारी हे आणखी चार हात कापड घेऊन आले. दुकानात आधीचं संपलं होतं, म्हणून त्याच्या जवळात जवळचं: पिवळं, त्यावर निळी फुलं.

रविवारी सकाळी दोन्ही तुकडे जोडून पडदा स्प्रिंगमध्ये ओवला आणि स्प्रिंग खिळ्यांना अडकवली. मशीनवर चुण्या सटकत होत्या, म्हणून मी स्टुलावर चढून, गोधडीच्या जाड दोऱ्याने, त्या जागच्या जागी टाचायला घेतल्या. अंगावर लग्नात अक्कांनीच दिलेली निळी साडी होती, त्यांना बरं वाटावं म्हणून मुद्दाम नेसलेली. काम असं जमत गेलं की मी गुणगुणायला लागले. शेवटच्या पाच चुण्या तर फारच भरदार आल्या!

आणि एसटी चक्क वेळेआधी पोचली. दारात दीर आणि अक्का उभे. मी लगबगीने उतरायला गेले, तर कुणीतरी खांद्याला धरून मागे ओढलं. वळून पाहिलं. त्या भरदार चुण्यांमध्ये माझा निम्मा पदर होता.

मी स्टुलावरूनच हसून बसा म्हटलं. सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, मी डोळ्यांनीच नकार दिला. शेवटी त्यांना राहवेना.

"सुमन, उतर खाली. थोरल्या दिराच्या पाया पड."

"उतरता येत नाही, आत्याबाई. पडदा अजून वाळायचा आहे."

(हे मी का म्हणाले, ते मला अजून समजलेलं नाही.)

निदान वाकू तरी, म्हणून मी वाकले. गोधडीचा दोरा भलताच पक्का निघाला, खिळे नव्हते. स्प्रिंग, दोन्ही खिळे, भिंतीचा पोपडा आणि आठ हात कापडासकट मी थेट दिरांच्या पायांवर आले. सुभेदार पडद्याखाली गडप झाले. आतून आवाज आला, "असू दे, असू दे."

मला रडूच फुटलं. रडता रडता मी सगळं कबूल करून टाकलं, पत्रातली थाप आणि खताचं पोतंसुद्धा. अक्कांनी पडदा उचलला, शिवलेला पदर पाहिला आणि माझ्याजवळ बसून हळूच म्हणाल्या, "गप गं. मला तरी कुठं टाका येतोय? आमच्याकडचं पडदं ह्यांनीच शिवल्यात. पर बाहेर बोलू नगंस."

सुभेदारांनी खाकरून भिंतीकडे बघितलं. मग त्यांनी ब्लेड मागितलं, एकेक टाका उसवून माझा पदर धड सोडवला आणि हातपाय धुऊन मशीनवर बसले. संध्याकाळपर्यंत खिडकीवर चुण्या कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या एका रांगेत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, दीर-अक्का मुक्कामाला असतानाच, शेजारच्या काकू आल्या. त्यांनी पडद्यावरून हात फिरवून विचारलं, हे एवढं सुबक कुणी शिवलं? सासूबाई म्हणाल्या, "घरीच शिवलंय की."

काकू माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली.

"एवढी कला हाय, पर पोरीला जरा म्हणून गर्व न्हाई," काकू म्हणाल्या.

तेव्हा आतल्या खोलीत मशीन खडखडत होतं आणि मी बाहेर त्यांच्यासमोर उभी होते. तेवढं मात्र, नशीब माझं, काकूंच्या ध्यानात आलं नाही!