शेवंड जिवंत घरी आणायची तर

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचो, रत्नागिरीकडचे. उभा जन्म होडीवर गेलेला. सासूबाई गेल्या, होडी विकली आणि बायकोने त्यांना आमच्या विरारच्या फ्लॅटवर आणलं. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. दिवसभर ते गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगकडे बघत बसत. जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. दोन महिन्यांत त्यांनी तोंडाने एकच गोष्ट मागितली.

"जावईबापू, इकडे शेवंड मिळते का?"

मी साताऱ्याकडचा. मटण खाणारा, पण समुद्रातलं म्हणाल तर सुक्या बोंबलापलीकडे मजल नव्हती. शेवंड म्हणजे काटेरी पाठीचा, हातभर मिशांचा मोठा झिंगाच, एवढं बायकोने सांगितलं. "आणि जिवंतच आण, नाहीतर ते खायचे नाहीत."

रविवारी एसटीने अर्नाळ्याला गेलो. कोळणीकडून दोन शेवंडी घेतल्या. "गोनपाट आनलास का?" तिने विचारलं. मी झाकणाची नवी बादली पुढे केली. तिला काही सांगायचं होतं, पण तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं. स्टँडवर नळ दिसला. समुद्रातला जीव आहे, पाणी हवंच, म्हणून मी बादली अर्धी भरली. थोडा वेळ आत धडपड झाली, मग शांत. बसमध्ये मी निर्धास्त होतो.

घरी मामांनी झाकण काढलं. एक उचलली. शेपटी सरळ खाली लोंबली.

"पाणी कुठलं घातलंत?"

"नळाचं."

"गोड्या पाण्यात नाय जगत ती. कोरडी आणली असतीत तरी जगली असती." मग बायकोला म्हणाले, "टाकून दे. मेलेल्या शेवंडीचं मास पिठासारखं होतं."

मला राग आला. अर्धा रविवार घालवला होता. मी न जेवता आत जाऊन पडलो. संध्याकाळी मामा दारात येऊन उभे राहिले. "पुढच्या रविवारी मी पण येतो," म्हणाले.

आठवडाभरात त्यांनी बाजारातून एक बांबूची टोपली आणली, वाण्याकडून रिकामं गोणपाट मागून आणलं. अर्नाळ्याला उतरल्यावर त्यांनी मला रस्ता विचारला नाही, वासावर निघाले. त्याच कोळणीपुढे बसून एकेक शेवंड पाठीकडून उचलायची, शेपटी जोरात आपटते का बघायचं, नाहीतर खाली ठेवायची. एक चांगली मोठी त्यांनी उलटी करून पाहिली आणि परत दिली. "हिच्या पोटाला अंडी आहेत. ही परत पाण्यात सोड."

कोळीण त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, तू धंद्यातलाच दिसतंस."

"होतो," मामा म्हणाले.

तीन निवडल्या. मी म्हटलं, "बर्फ घालूया का?"

"तो वितळून गोडं पाणीच होणार ना?"

मग ते गोणपाट भिजवायला समुद्रात उतरले. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. गोणपाट तर लगेच भिजलं, पण ते तसेच पाण्यात उभे. बसची वेळ होत आली होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती बस गेली.

टोपलीत ओलं गोणपाट, त्यावर शेवंडी, वरून त्याच गोणपाटाचा पदर. एकीवर एक ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, घट्ट बांधायची नाही, हवा लागली पाहिजे, असं ते मला समजावत होते. इतक्या वर्षांत त्यांनी मला सलग इतकं पहिल्यांदाच सांगितलं, असं बायको नंतर चिडवायची.

बसमध्ये टोपली गळायला लागली. कंडक्टर आला. "हे पाणी कोणाचं?"

"समुद्राचं," मामा शांतपणे म्हणाले.

लोक हसले. कंडक्टर हसला नाही. त्याने आम्हाला उठवून मागच्या दाराशी बसवलं. टोपलीवर ऊन येत होतं, म्हणून मामांनी उरलेला सगळा रस्ता पाठ खिडकीकडे करून काढला.

घरी गोणपाट बाजूला केलं तर तिन्ही जिवंत. एक उचलताच मिशा हलवून कर्रकर्र आवाज करायला लागली. आमची मुलगी किंचाळून सोफ्यावर चढली. मामा मोठ्याने हसले. बायको ओट्याशी होती, ती हात पुसत धावत बाहेर आली. वडिलांना असं हसताना तिने आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

कालवण तिने माहेरच्या पद्धतीने केलं. मी दोनदा भात घेतला.

त्याच आठवड्यात मंगळवारी मी कामावरून आलो तर गॅलरीतली खुर्ची रिकामी. ते एकटेच बसने अर्नाळ्याला गेले होते. तिथे जाळी विणायला बसणाऱ्या म्हाताऱ्यांत त्यांना जागा मिळाली. पुढे तो नेमच झाला. सकाळी डबा घेऊन जायचे, चार वाजता परत. कधी चार बांगडे आणायचे, बहुतेकदा काहीच नाही. सहा वर्षं ते आमच्याकडे राहिले, आणि पाय चालत होते तोवर त्यांनी पावसाळा सोडला तर एक आठवडा चुकवला नाही.