पऱ्यातला कोळसा

काय सांगू, माझ्या अकलेची ही गोष्ट निघाली की आमच्याकडं चहा दुसऱ्यांदा टाकतात. तेव्हा बसाच.

पन्नासच्या दशकात मी कतारला, दुखानच्या तेलाच्या कॅम्पात स्टोअर क्लार्क होतो. खाली तेल, वर वाळू, आणि मधे आम्ही रत्नागिरीची माणसं. लग्न होताच मागं ठेवलेली बायको हमीदा गावी, जीव सगळा तिच्यापाशी. पण परत जाऊन खायचं काय?

तेव्हा मला आमचा पऱ्या आठवला! पऱ्या म्हणजे गावाशेजारचा लहानसा ओढा. त्याच्या काठाला कोळशाचा काळा पट्टा उघडा पडलेला. आजोबांच्या काळात गोऱ्यांनी तिथं खणून पाहिलं होतं, खड्डे अजून आहेत. म्हटलं, खाण निघाली तर नोकरी दारातच.

कॅम्पात दगड तपासणारा एक साहेब होता, भला माणूस. म्हणाला, तुकडा आण, बघतो. गावी निघालेल्या हसनमियाँकडं मी हमीदाला निरोप दिला. तो परत येईस्तोवर माझ्या खोलीतल्या दोघांनी खाण वाटूनसुद्धा घेतली. एक मुकादम झाला, दुसऱ्यानं कॅन्टीन घेतलं. मॅनेजर अर्थातच मी.

पार्सल आलं. सुक्या म्हावऱ्याचा, म्हणजे सुक्या मासळीचा, डबा उघडला, तर वरच कोळसा! काळाकुळकुळीत. मी तो कपाळाला लावला. तळाशी हमीदाच्या हिरव्या पातळाचं फडकं, आणि त्यात मातीचं भुसभुशीत ढेकूळ. डबा वाजू नये म्हणून कोंबलं असेल, दुसरं काय? ढेकूळ वाळूत फेकलं आणि फडकं झटकून उशीखाली ठेवलं. तिचा वास होता हो त्याला.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून साहेबापुढं हजर. मुकादम आणि कॅन्टीनवाला दारात उभे. साहेबानं कोळसा मोडला, हुंगला आणि हळूच विचारलं, "हा तर चुलीतला लाकडी कोळसा. याला माशाचा वास का येतो?"

पायाखालची वाळू सरकली, आणि दुखानात वाळूला काय तोटा? अहो, म्हावरं घराबाहेर निघालं की नजर लागू नये म्हणून वर कोळसा ठेवायचा, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मॅनेजरसाहेब तेवढं विसरले. मोडक्या इंग्रजीत मी सगळं कबूल केलं. साहेब हसला नाही. घरी कधी गेला होतास, एवढंच विचारलं. मला नीट आठवेचना.

"मग खाण कशाला हवी? रजा माग की," म्हणाला, आणि वर माझ्यासाठी शब्दही टाकला.

घरी पोचलो. हमीदा दारातच उभी. आनंद राहिला बाजूला, मी आधी फुगलो. म्हटलं, एवढासा कोळसा धाडवला नाही तुला, कॅम्पभर हसं झालं माझं.

"धाडला नाही कसा? पऱ्यातला कोळसा वाळला की त्याचा भुगा होतो, म्हणून माझं पातळ फाडून त्यात बांधला. काय केलंत त्याचं?"

"फेकला."

"अन् फडकं?"

मी खिशातून काढून दाखवलं. तिनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, देव जाणे, पण मला मात्र रडू आलं.

रजा संपली. निघताना तिनं चुलीतला एक कोळसा माझ्या शर्टाच्या खिशात घातला.

"हा नजरेचा आहे," म्हणाली. "साहेबाला दाखवू नका."