खरवसासारखी थरथरणारी खिडकी

माणसं घर बदलतात, नोकरी बदलतात, पक्ष तर कूस बदलावी तसे बदलतात. पण सगळं सुरळीत चाललेलं आहे एवढ्याच कारणासाठी अस्वस्थ होऊन ते बदलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझा थोरला साडू. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. उमरग्यात हायवेला लागून त्यांचा दवाखाना आहे. हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले, कर्नाटकातनं बाजाराला आलेली माणसं, सगळ्यांना ते तपासतात, कानडी माणसाला त्याच्या भाषेत "ह्यांग अदीरी?", म्हणजे कसे आहात, असं विचारतात, गोळ्या अचूक देतात. कुणाचा ताप त्यांच्या हातून उतरला नाही असं मी ऐकलेलं नाही. मात्र त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर कायम आजारी असतो, आणि तो आजार त्यांनी स्वतः जोपासलेला असतो.

त्या कॉम्प्युटरात लिनक्स आहे. मी हायस्कूलच्या ऑफिसात लिपिक, मला यातलं कळतं ते डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. ते म्हणतात, लिनक्स म्हणजे घर. जमीन, भिंती, छप्पर पक्कं. आत चूल कुठं, देव्हारा कुठं, खाट कुठं, ही मांडामांड म्हणजे डेस्कटॉप. आणि ती मांडणी एकाच घरात पाहिजे तितक्या तऱ्हांनी करता येते. झालं! ज्या माणसाला हे एकदा कळलं त्याला झोप कशी लागणार? सोमवारी केडीई नावाची मांडणी, तिच्यात सगळं झगमगीत, जावयाच्या मानपानासारखं. गुरुवारी एक्सएफसीई, ती उपासाच्या ताटासारखी साधी. पुढच्या आठवड्यात तिसरीच काहीतरी, जिच्यात बटणं डाव्या बाजूला उभी राहतात. पेशंट जीभ बाहेर काढून बसलेला असतो आणि डॉक्टर त्याला समजावतात, "शरीराला एका औषधाची सवय लागली की डोस बदलावा लागतो. मशीनचं बी तसंच हाय." पेशंटला जीभ आत घ्यायची परवानगी नसल्यामुळं तो वाद घालू शकत नाही. वाद घालतात ते कंपाउंडर रशीदभाई. पावती काढायचं काम त्यांच्याकडं, आणि पावतीचं बटण रोज नव्या गावी मुक्कामाला. सकाळी दवाखाना उघडला की त्यांची हाक ठरलेली, "डाक्टरसाब, पावती का बटन आज किधर कू गया?" आणि डॉक्टर अशा आनंदानं उठतात की जणू घरी नातू चालायला लागला.

त्याहून मोठं वेड लॉगिनच्या पडद्याचं. मशीन सुरू केल्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारा तो पहिला पडदा म्हणजे घराचा उंबरा, असं त्यांचं मत. उंबऱ्याला रांगोळी नको का? म्हणून त्या पडद्यावर कधी त्यांनी नळदुर्गचा धबधबा लावला, कधी ज्वारीचं शेत. घड्याळ वर असावं की खाली यावर त्यांनी बाकावरच्या पेशंटांचा कौल घेतला होता, आणि तापानं फणफणलेल्या एका ड्रायव्हरनं कांबळ्यातनं तोंड काढून "खाली घ्या डॉक्टर, वर डोस्क्यावर आल्यागत वाटतंय" असा सल्ला दिला, तो त्यांनी लगेच अमलात आणला. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं वेगळं दार त्या पडद्यावर आहे. सुनंदाच्या बहिणीचं, म्हणजे आमच्या अक्कांचंही आहे, लग्नातल्या फोटोसकट. त्या अजून एकदाही त्यातून आत गेलेल्या नाहीत. "माझ्या नावाचं दार केलंय," त्या म्हणतात, "पर आत सगळं ह्यांचंच घर. म्या कशाला जाऊ?"

अधिक महिन्यात आम्हा दोघा जावयांना सोनारीला सासुरवाडीत धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं होतं. पाय धुतले, कुंकू लावलं, पाटावर बसवलं, अनारसे वाढले. शेजारच्या खोलीत मेव्हण्याचा दूध संकलनाचा कॉम्प्युटर होता. तो मध्येच टुंग वाजला आणि डॉक्टरांचा हात अनारशावर थबकला. "कोणता डेस्कटॉप हाय रं?" त्यांनी मेव्हण्याला विचारलं. "आहे तो हाय दाजी, जेवा तुम्ही," मेव्हणा गयावया करत म्हणाला. पण जेवण आटोपून हात पुसेपर्यंत ते त्या खोलीत पोचले होते. दुसऱ्या सकाळी दूध घालणारी माणसं कॅन घेऊन वेशीपर्यंत खोळंबली, आणि मेव्हणा पडद्यावर बोट फिरवत आपलं दूध शोधत होता. सासूबाई मात्र शांत. त्या म्हणाल्या, "बदलायचा नाद हाय म्हणून काय झालं? माझी लेक बदलून न्हाय मागितली, तेवढ्यात आलं सगळं."

इथपर्यंत हसलात ना? मीही हसायचो. सगळीकडं हे किस्से सांगून मी चार माणसांत भाव खाल्ला आहे. आता पुढचं सांगताना मान वर होत नाही.

सुनंदा शिवणकाम करते. आमच्या जळकोटातल्या बायकांची ब्लाउजची मापं आणि गळ्यांचे फोटो ठेवायला तिला डॉक्टरांनी एक जुना कॉम्प्युटर स्वतः आणून दिला, लिनक्स घालून, मांडणी करून. दिवसभर मांडी घालून बसले होते. त्या मांडणीत खिडकी माउसनं ओढली की खरवसासारखी थरथरायची. एका कामातनं दुसऱ्यात जायचं तर अख्खा पडदा सारीपाटाच्या फाशासारखा गिरकी घ्यायचा. "बघा साडूसाहेब! हाय का तुमच्या ऑफिसात असलं?" ते लहान पोरासारखे म्हणाले. मला गरगरत होतं. पण समोरच्याला "नको" म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. मी म्हणालो, "वा डॉक्टर! झकास!"

त्याच आठवड्यात मी मोबाइलवर बघून बघून त्यात दुसरा एक साधा डेस्कटॉप घातला. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात एक दातेरी चाक असतं. त्यावर टिचकी मारली की कोणत्या मांडणीत जायचं ते निवडता येतं. आम्ही रोज साध्यात जायचो. डॉक्टर येणार असा फोन आला की मी आधी ते चाक फिरवून त्यांचा खरवस लावून ठेवायचो. आहेरात आलेलं न आवडलेलं घड्याळ आपण माळ्यावर ठेवतो, आणि देणारा पाहुणा यायचा झाला की पुसून भिंतीवर टांगतो, तसंच. सुनंदाला ते पटायचं नाही. "सरळ सांगा की दाजींना, आम्हाला साधंच बरं," ती म्हणायची. मी म्हणायचो, "त्यांचं मन दुखवायचं का?" मी फार चांगला माणूस आहे अशी माझी तेव्हा समजूत होती.

दर रविवारी डॉक्टरांचा फोन यायचा. "काय बिघडलं का साडूसाहेब?" त्या आवाजात काळजी नसायची, आशा असायची. आणि मी, ते यायला निघू नयेत, आपलं बिंग फुटू नये म्हणून, घाईघाईनं सांगायचो, "न्हाय हो! एकदम झकास!" "असं व्हय... बरं बरं," म्हणून ते फोन ठेवायचे. हळूहळू रविवारचा फोन बंद झाला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायलाच हवं.

मग मशीनमधली जागा भरली. मी विचार केला, आता डॉक्टर येत नाहीत, त्यांची मांडणी काढूनच टाकू. इंटरनेटवर दिसला तो हुकूम टाइप केला. मशीननं भलीमोठी यादी दाखवून विचारलं, हे सगळं काढू का? मी न वाचता हो म्हटलं. त्या यादीत तो लॉगिनचा पडदासुद्धा होता, तो त्या मांडणीबरोबरच आलेला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर काळाकुट्ट पडदा, वर पांढऱ्या अक्षरात नाव विचारलेलं आणि एक रेघ लुकलुकतेय. नाव लिहिलं. पासवर्ड लिहायला लागलो तर अक्षरच उमटेना. सुनंदानं कीबोर्ड ओल्या फडक्यानं पुसला. तरी उमटेना. लग्नसराई तोंडावर, आणि अर्ध्या जळकोटची मापं त्या अंधारात. दारात दोन बायका कापड घेऊन उभ्या. सुनंदा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "आता लावा दाजींना फोन."

फोनवर मी फक्त "बिघडलंय" म्हणालो. पुढचं ऐकायला ते थांबलेच नाहीत. मिळेल त्या एसटीनं आले. दवाखान्याची बॅग होती, पण आत स्टेथोस्कोपच्या जागी पेनड्राइव्ह. चेहरा असा फुललेला की कुणाला वाटावं पुत्रजन्माची बातमी घेऊन आलेत. "घाबरू नका," पडदा बघून ते म्हणाले, "बेशुद्ध न्हाय. डोळे मिटलेत फक्त. पासवर्ड लिहिताना इथं काही दिसतच नसतंय, तसंच लिहायचं." ते आत शिरले आणि पेशंटला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कसं झालं हे?"

"लाईट गेली होती," मी म्हणालो.

"खोटं कशाला सांगताय?" सुनंदा शिलाई मशीनवरनं उठली. "लाईट-बिट काय न्हाय दाजी. तुमचं ते थरथरतंय ते ह्यांनी काढून टाकलं. आम्ही ते कधी वापरलंच न्हाय. तुम्ही येणार म्हटलं की हे ते चाक फिरवून ठेवायचे."

डॉक्टरांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. "कधीपासनं?" त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

"पहिल्या आठवड्यापासनं."

 ते परत टाइप करायला लागले. मी चहा आणला तो त्यांनी घेतला, बशीत ओतून, नेहमीसारखा. थोड्या वेळानं लॉगिनचा पडदा आला. मागं त्यांनी साधा निळा रंग ठेवला होता, धबधबा नाही की शेत नाही. सुनंदाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. त्या साध्या मांडणीत मापं होती तशी सुखरूप होती. "हाच डेस्कटॉप कायमचा लावलाय," ते म्हणाले, "आता चाक फिरवायची गरज न्हाय." आपली मांडणी त्यांनी परत घातली नाही. मी पाया पडायच्या बेतात होतो, पण तोंडातनं निघालं, "डॉक्टर, जेवूनच जा." ते चपला घालत म्हणाले, "न्हाय, पेशंट असतील." मग पायरीवर थांबून हसले. "बिघडलं म्हणून का होईना बोलावलंत. बरं असल्यावर डॉक्टरला कोण फोन करतंय?"

पुढं बरेच दिवस गेले आणि अक्कांचा सुनंदाला फोन आला. आवाज काळजीचा. "ह्यांना बरं न्हाय का काय कळंना गं. जळकोटहून आल्यापासनं दवाखान्यातलं मशीन हाय तसंच हाय. साधं, तुमच्यासारखं. काय बी बदलंना झालेत. रशीदभाईंना पावती रोज एका जागी सापडती, तर ते बी भ्यालेत." सुनंदा ऐकून माझ्याकडं बघत राहिली. मी उठून अंगणात गेलो. ज्या माणसाच्या वेडाला मी इतकी वर्षं हसलो, ते वेड मी पुसून टाकलं होतं, न वाचता हो म्हणून. तोंडावर "नको" म्हटलं असतं तर त्यांनी हसत दुसरी मांडणी काढून दिली असती, नंतर तिसरी, आणि त्या निमित्तानं दर महिन्याला आमच्याकडं जेवले असते.

त्यांना फोन करायचा ठरवलं, तर कारण सापडेना. मशीन मुद्दाम बिघडवावं असंही मनात आलं. मग त्या विचाराचीही लाज वाटली, आणि रविवारी काही न बिघडवताच फोन लावला.

"काय बिघडलं?" पलीकडनं आवाज आला.

"काही न्हाय डॉक्टर."

"सुनंदा बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

"ताप, खोकला?"

"न्हाय हो. सगळे बरे आहेत. असाच केला फोन."

 धडधाकट माणसाच्या फोनचं काय करायचं हे त्यांना कळत नसावं. मला तरी कुठं कळत होतं? मी म्हणालो, "ती खरवसासारखी खिडकी... मला त्यात गरगरायचं डॉक्टर. तेव्हाच सांगायला पायजे होतं."

"मग सांगायचं की हो," ते हळूच म्हणाले. "थरथर कमी करता येती."  त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मग कीबोर्डची टकटक. आधी थांबत थांबत, मग भराभर. आणि जरा वेळानं लांबनं रशीदभाईंची हाक, "डाक्टरसाब! पावती का बटन किधर कू गया जी?"