चूलबंद आवतन

उभ्या हिंगोली जिल्ह्यात माझ्या ईवायाइतका मानाचा भुकेला माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर त्या दोघांना एका गावात ठेवू नये, गाव मोडंल. ईवाय म्हणजे व्याही, माझ्या पोरीचा सासरा. तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या नळ्या धुवायचं काम त्याचं, पण चालायचा असा की प्रिन्सिपलनं वाट सोडावी. आमच्या दारी आला की "या" म्हटल्याबिगर उंबरा ओलांडायचा नाही. एकदा मी रानात, आमची ही मागं गोठ्यात, आणि हा दारात उभा. कुत्रं भुंकून भुंकून थकलं, झोपी गेलं, हा उभाच. शेवटी हिनं पाहिलं. "अवं ईवाय, काहून उभे? घर तुमचंच हाय." तर म्हणतो, "माझंच असतं तर कवाच आत आलो असतो. तुमचं हाय म्हणून थांबलो." पोरीच्या लग्नात नारळाला शेंडी नव्हती म्हणून हा लिंबाखाली रुसून बसला. मी धावत दुसरा नारळ आणला. तो हातात घेऊन म्हणाला, "नारळाचं न्हाई वो. मी उठून गेलो ते लवकर कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई, त्याचं वाईट वाटलं." असल्या माणसाला पोरगी दिली, मला कोण शहाणा म्हणंल.

अशा माणसानं संघटना काढली नसती तरच नवल. कॉलेज एका साहेबांच्या संस्थेचं. त्यांच्या घरी बारसं असो का तेरवी, वाढायला कॉलेजचे शिपाई, भांडी उचलायला लॅबवाले, भाकरी थापायला हॉस्टेलच्या स्वयंपाकीण बाया. आमची हीबी त्यातच, जन्मभर हॉस्टेलात भाकरी केल्या तिनं. ईवायानं ह्या सगळ्यांना जमवलं, संघटना रीतसर नोंदवली, आणि साहेबांना म्हणाला, संघटनेसंगं बैठक घ्या. साहेब हसले. म्हणाले, "कसली संघटना? मला तर कुठं दिसत नाही. तुम्ही सगळी माझी लेकरं." ईवाय म्हणाला, "लेकरं असतो तर वाटणी मागितली असती, साहेब. नोकर हाव, म्हणून नुसती बैठक मागून राहिलो."

ह्या एका वाक्यापायी त्याला प्रयोगशाळेतून काढून गाड्यांच्या स्टँडवर उभं केलं. साहेबांना वाटलं, जिरली. पण स्टँड म्हणजे ह्याला राज्यच मिळालं. नमस्कार केल्याबिगर एका प्राध्यापकाची गाडी सावलीला लागू दिली नाही. गणिताचे सर लई तापट, त्यांची गाडी महिनाभर उन्हात, मग तेबी हात जोडायला शिकले. तिकडं साहेब मात्र ढिम्म. एकेकटे या, तुमचं ऐकतो, संघटना म्हणून आलात तर दार बंद, असं म्हणायचे.

ह्याच दिवसांत आमची ही खोकल्यानं गेली. तेव्हा ईवाय आला तो कुणाच्या "या"ची वाट न पाहता सरळ आत शिरला आणि माझ्याजवळ भिंतीला टेकून बसला. बरं केलं त्यानं. बोलला असता तर मी हाकलला असता.

मग साहेबांच्या पोराचं लग्न निघालं. साहेबांचा मॅनेजर सांगत आला, सकाळीच वाढायला या. ईवाय म्हणाला, "आवतन कुठाय?" आमच्याकडं आवतनाच्या रीती आहेत. घरटी एक माणूस सांगितला तर एकानंच जायचं. चूलबंद सांगितलं तर त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्या-लेकरांसकट सगळ्यांनी जेवायला जायचं. ईवायानं निरोप धाडला, आमच्या संघटनेला चूलबंद आवतन पाहिजे, आणि आम्ही पंगतीत बसू, वाढणार नाही. साहेबांनी डाव टाकला, एकेकाच्या नावानं घरटी एक पत्रिका धाडली. संघटनेतल्या एका कारकुनाच्या तोंडाला पाणी सुटलं. म्हणाला, "जिलबी हाय म्हणतेत." ईवायानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याची जिलबी तिथंच कडू झाली. "एकेक फोडून खायला आपण शेंगा हाव का?" पत्रिका वापस गेल्या.

आता साहेबांची पंचाईत झाली. नांदेडकडच्या सोयऱ्यांपुढं "माझं कॉलेज म्हणजे माझं कुटुंब" असं ते उठता-बसता सांगायचे. कुटुंबच लग्नाला नाही म्हटल्यावर सोयरे काय म्हणतील? लग्नाच्या आदल्या दिवशी साहेबांची गाडी ईवायाच्या ओट्यासमोर थांबली. मी तिथंच तंबाखू मळीत बसलो होतो. साहेब काचेतूनच म्हणाले, "उद्या या सगळे."

"सगळे म्हंजी कोण, साहेब?"

"तुम्ही लोक."

"लोक तर बाजारातबी असतेत."

गल्ली गोळा झाली. साहेब उतरले. खिशातून अक्षता काढल्या, ईवायाच्या हातावर ठेवल्या आणि बाभळीचा काटा गिळल्यासारखं तोंड करून म्हणाले, "कर्मचारी संघटनेला चूलबंद आवतन आहे."

"येतो," ईवाय म्हणाला. "आन् संघटनेची बैठक?"

साहेबांनी गर्दीकडं पाहिलं. "सोमवारी."

चार माणसांत बोललेला शब्द. दुसऱ्या दिवशी संघटना बायका-पोरांसकट पहिल्या पंगतीला बसली आणि साहेबांचे भाचे-पुतणे वाढत फिरले. हिच्या नावानं मीबी बसलो होतो, एकानं माझ्या पाण्याच्या गिलासात बुंदी टाकली. मी ती तशीच खाल्ली.

सोमवारी बैठक झाली. सगळ्यांना वाटलं, ईवाय पहिल्यांदा पगाराचं काढंल. ह्यानं काढलं हॉस्टेलच्या स्वयंपाकघराचं. तिथं लाकडाची चूल, आणि धूर जायला वाट नाही. पहिल्यांदा धुराडं बसवा, मग पुढचं बोलू. आपलीच माणसं चिडली म्हणे, "पगार सोडून धुराडं?" तरी हा हटला नाही. हे मला कारकुनानं सांगितलं. मी ईवायाला विचारलं तर दुसरीकडं पाहत म्हणाला, "तो संघटनेचा ठराव हाय. तुमचा काय संबंध?"

आता बाजाराला गेलो की हॉस्टेलच्या मागून जातो. पत्र्याच्या धुराड्यातून धूर सरळ वर जातो. आत बाया भाकरी थापतात, एकमेकींची उणीदुणी काढून हसतात. कुणी खोकत नाही. मी पिशवी खाली ठेवून जरा वेळ ऐकतो.